दहाची नोट बंद करा

दहाची नोट बंद करा. वीसचीही करा. त्यांच्या जागी नाणी द्या, पुरेशी द्या, आणि ती परत घ्यायचीही सोय करा. माझं म्हणणं एवढंच आहे. पण 'नोट' आणि 'बंद' हे दोन शब्द शेजारी आले की २०१६चा नोव्हेंबर आठवून लोकांच्या पोटात गोळा येतो. म्हणून आधीच सांगतो, रात्री आठ वाजता टीव्हीवर येऊन काही जाहीर करायची गरज नाही. कुणाच्या हातातली नोट रद्द करायची नाही. फक्त छापणं थांबवायचं. जुन्या नोटा विटत-फाटत बँकेत येतील तशा ठेवून घ्यायच्या आणि तेवढ्याच किमतीची नाणी बाजारात सोडायची. काही वर्षांत नोट आपोआप दिसेनाशी होईल. एक आणि दोनच्या नोटांचं असंच झालं होतं.

तुमच्या पाकिटात दहाची नोट कदाचित नसेलच. पाकीटच नसेल. म्हणून ही नोट आज कोणत्या अवस्थेत आहे हे बघायचं तर सकाळी सहाच्या सुमाराला दादरच्या फुलबाजारात जा. तिथली जमीन बाराही महिने ओली. झेंडूवर पाणी मारलेलं, टोपल्या ओल्या, हात ओले, कमरेची पिशवी ओली. त्या हातांतून नोट फिरते. आधी मधली घडी विरते, मग घडीवर भोक पडतं, मग कुणीतरी सेलोटेप लावतं, मग टेपच्या कडेला मळ बसतो. तीच नोट संध्याकाळी लालबागला एखाद्या मासळीवालीच्या हातात येते आणि तिथे तिला आणखी एक वास चिकटतो.

अशी नोट हातात आली की आपण सगळे एकच गोष्ट करतो. ती सगळ्यात आधी खपवतो. चांगली नोट मागे ठेवतो, वाईट पुढे ढकलतो. वाईट पैसा फिरत राहतो आणि चांगला घरात दडून बसतो, हे अर्थशास्त्रातलं ग्रेशमचं जुनं सूत्र आपण न शिकता पाळतो. प्रश्न एवढाच, की ढकलत ढकलत ती नोट शेवटी थांबते कुणापाशी? मॉलच्या काउंटरवर नाही, तिथे मुळात दहाची नोट फारशी जातच नाही. बसचा कंडक्टरही ती परत करू शकतो, 'दुसरी द्या' म्हणू शकतो. ती थांबते ज्याला 'नाही' म्हणणं परवडत नाही त्याच्यापाशी.

माझी मावशी परळला चहाचा ठेला चालवते, केईएमपासून पाच मिनिटांच्या अंतरावर. तिच्या ठेल्यावर बिस्किटांचा एक रिकामा डबा आहे. त्यात न चालणाऱ्या नोटा असतात. गिऱ्हाईक चहा पिऊन झाल्यावर नोट पुढे करतं. तोवर चहा पोटात गेलेला असतो, भांडून उपयोग नसतो. वीस रुपयांपर्यंतच्या नोटेचा अर्ध्याहून मोठा सलग तुकडा असेल तर बँकेने पूर्ण पैसे द्यायचे असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. नियम चांगला आहे. पण त्यासाठी मावशीने ठेला बंद करून रांगेत उभं राहायचं. दीडशे रुपयांच्या फाटक्या नोटा बदलायला तीनशेचा धंदा बुडवायचा. त्यापेक्षा ती कमिशन कापून नोटा बदलून देणाऱ्याला गाठते. म्हणजे आपण सगळ्यांनी मिळून ज्या नोटेची वाट लावली, तिचा दंड मावशी भरते.

यावर तरुण वाचकाचं उत्तर मला माहीत आहे. 'क्यूआर लावा ना.' लावलाय. ठेल्याच्या खांबाला लावलाय आणि पैसे आल्याचं ओरडून सांगणारा डबाही आहे. यूपीआयने सुट्ट्यांची कटकट पुष्कळ कमी केली, हे मावशी तुमच्याआधी कबूल करेल. पण परळच्या त्या रस्त्यावर उभं राहून बघा, रोख पैसे कोण देतं ते. केईएम, टाटा, वाडिया ही तिन्ही रुग्णालयं जवळजवळ आहेत. बीड, जळगाव, सिंधुदुर्ग, कुठून कुठून लोक येतात. पेशंट आत, नातेवाईक फुटपाथवर. घरातला एकच स्मार्टफोन पेशंटजवळच्या माणसाकडे असतो, किंवा कालपासून चार्ज झालेला नसतो. गावाहून निघताना कुणीतरी हातात दिलेल्या पैशातून चहा, पाव, बाथरूमचे पैसे जातात. हा माणूस मागासलेला नाही. तो अडचणीत आहे. आणि अडचणीतल्या माणसाला लागणारा पैसा चांगल्या स्थितीत असावा, ही मागणी फार मोठी नाही.

तुमचा फोन तरी नेहमी चालतो का? २६ मार्च २०२५ला यूपीआय देशभर अडखळलं. १२ एप्रिलला पुन्हा अडखळलं. त्या दिवशी चहा पिऊन झाल्यावर खिसे चाचपणारे लोक तुम्हीच होता.

शिवाय सुट्टे पैसे संपले असं सरकारलाही वाटत नाही. ९ मे २०२५पासून बेस्टच्या साध्या बसचं किमान भाडं १० रुपये झालं आणि एसी बसचं १२. काळ्या-पिवळ्या टॅक्सीचं किमान भाडं १ फेब्रुवारी २०२५पासून ३१ रुपये आहे. बारा आणि एकतीस! ज्या राज्यात सुट्टे पैसे मेलेत त्या राज्यात असे आकडे ठरत नाहीत. वरचा एक रुपया आणि दोन रुपये हवेत, हे भाडं ठरवणाऱ्यांनी गृहीत धरलंय. ते यायचे कुठून, हा विचार मात्र प्रवासी आणि टॅक्सीवाल्यावर सोडलाय. एटीएममधून शंभर-दोनशेच्या नोटा पुरेशा मिळाव्यात म्हणून रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२५मध्ये बँकांना आदेश दिला, ते बरं झालं. पण शंभरची नोट मोडायची कुठे?

आता अशा माणसाचा विचार करू ज्याच्यासाठी हा प्रश्न स्वच्छतेचा किंवा सोयीचा नाही, फसवणुकीचा आहे. शंभर, दोनशे आणि पाचशेच्या नोटांवर दृष्टिहीनांसाठी उठावाची खूण असते: शंभरवर त्रिकोण, पाचशेवर वर्तुळ. दहा, वीस आणि पन्नासच्या नोटांवर अशी खूण नाही. दहाची नवी नोट १२३ मिलिमीटर लांब, वीसची १२९. रुंदी दोन्हींची ६३. डोळे मिटून, गर्दीत, मागचा माणूस ढकलत असताना, मऊ पडलेल्या दोन नोटांतला सहा मिलिमीटरचा फरक ओळखून दाखवा. नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड ही मुंबईचीच संस्था नव्या नोटा ओळखता येत नाहीत म्हणून २०१९मध्ये मुंबई उच्च न्यायालयात गेली होती. त्यानंतर १ जानेवारी २०२०ला रिझर्व्ह बँकेने 'मणी' नावाचं ॲप काढलं. नोटेसमोर फोन धरायचा, ॲप किंमत सांगतं. म्हणजे हातातला दहा रुपयांचा कागद ओळखायला हजारो रुपयांचं यंत्र लागतं.

आणि गंमत बघा. ७ मार्च २०१९ला पंतप्रधानांनी नाण्यांची जी नवी मालिका जाहीर केली, ती दृष्टिहीनांना ओळखता यावी अशीच बनवलेली आहे. एक रुपयापासून पुढे आकार आणि वजन चढत जातं. वीसचं नाणं दहाइतक्याच व्यासाचं, पण त्याला बारा बाजू आहेत. बोटाला लगेच कळतं. म्हणजे उत्तर सरकारकडे तयार आहे. ते टांकसाळीत पाडलं गेलंय. तरीही बाजारात अजून तीच खूण नसलेली नोट फिरते.

का? तर लोकांना नोट आवडते म्हणून. दृष्टिहीनांना पन्नासची नोट ओळखता येत नाही, या प्रश्नावर दिल्ली उच्च न्यायालयात सुनावणी झाली. तिथे अर्थ मंत्रालयाने २०२५मध्ये सांगितलं, की पन्नासचं नाणं काढायचा विचार नाही. रिझर्व्ह बँकेने २०२२मध्ये केलेल्या पाहणीत दहा आणि वीससाठी लोकांनी नाण्यापेक्षा नोटेला पसंती दिली, असं कारण त्यात होतं. पाहणी खरी असणार, मला शंका नाही. पण ज्या नाण्याला दुकानदार नाक मुरडतो, बँक कंटाळते आणि व्हॉट्सॲप खोटं ठरवतं, ते नाणं लोक कशाला पसंत करतील? पसंती विचारायच्या आधी ते नाणं नीट चालायला हवं होतं. ते चालू दिलंच गेलं नाही.

दहाचं नाणं लोकांच्या हातात येऊ लागलं ते २००९च्या सुमाराला. तेव्हापासून त्याची वेगवेगळी चित्रं आली. मग अफवा सुरू झाल्या. दहा रेघांचं खरं, पंधरा रेघांचं खोटं. रुपयाचं चिन्ह असलेलं चालेल, नसलेलं नाही. शेवटी १७ जानेवारी २०१८ला रिझर्व्ह बँकेला पत्रक काढून सांगावं लागलं, की दहाच्या नाण्याचे १४ नमुने आहेत आणि चौदाच्या चौदा वैध आहेत. पत्रक इंग्रजीत वाचून कुणी बाजारात गेलं नाही. खऱ्या माणसाला आपण 'खणखणीत नाणं' म्हणतो, आणि खरोखरचं नाणं हातात आलं की उलटसुलट करून 'हे चालत नाही हो' म्हणतो.

पण अफवेपेक्षा मोठं कारण वेगळं आहे. नाणं आलं तेव्हा नोट गेली नाही. एकाच किमतीची नोट आणि नाणं शेजारी ठेवलं तर बहुतेक माणूस सवयीची नोट उचलतो. हे फक्त आपल्याकडे घडलेलं नाही. अमेरिकेने १९७९मध्ये डॉलरचं नाणं काढलं, २०००मध्ये पुन्हा वेगळं काढलं, दोन्ही वेळा कागदी डॉलर चालू ठेवला आणि दोन्ही वेळा नाणं पडून राहिलं. ब्रिटनने १९८३मध्ये पौंडाचं नाणं आणलं आणि १९८८मध्ये नोट काढून घेतली. कॅनडाने १९८७मध्ये डॉलरचं नाणं आणलं आणि १९८९मध्ये नोट छापणं थांबवलं. तिथेही लोक सुरुवातीला कुरकुरले. आज तिथे पौंडाची किंवा डॉलरची कागदी नोट परत द्या असं कुणी म्हणत नाही.

लांब कशाला जायचं? आपणही हे एकदा केलंय. एक रुपयाची नोट १९९४मध्ये थांबली, दोनची १९९५मध्ये. महागाईचा हिशेब केला तर आजचे दहा रुपये म्हणजे तेव्हाचे दीडेक रुपये. म्हणजे ज्या किमतीला तेव्हा आपण कागद परवडत नाही असं ठरवलं, त्याच किमतीला आज कागद छापतोय. एक रुपयाची नोट २०१५मध्ये हौसेने परत आली खरी, पण तिने व्यवहार होतो का ते तुम्हीच सांगा. ती लग्नाच्या पाकिटात जाते, तेही नाणं चिकटवलेलं पाकीट मिळालं नाही तर. मुळात कागदी रुपया या देशात आला तोच नाइलाज म्हणून. ३० नोव्हेंबर १९१७ला, पहिल्या महायुद्धात चांदीचा तुटवडा पडला तेव्हा. एक रुपयाच्या नोटेवर आजही रुपयाच्या नाण्याचं चित्र असतं. कागद स्वतःच सांगतोय, की मी खऱ्या रुपयाच्या जागी आलोय.

आता आक्षेपांकडे येतो, कारण त्यातले दोन खरे आहेत.

पहिला खर्चाचा. २०१८मध्ये माहिती अधिकारातून आलेल्या आकड्यांनुसार दहाचं एक नाणं पाडायला ५ रुपये ५४ पैसे लागत होते. दहाची एक नोट छापायला २०२१-२२मध्ये सुमारे ९६ पैसे. म्हणजे एका नाण्याच्या खर्चात जवळजवळ सहा नोटा होतात. ऐकायला नाणं महाग वाटतं. पण सहा नोटा एकामागून एक फाटेपर्यंत नाणं टिकलं की हिशेब फिटला, त्यापुढचं सगळं फुकट. घरातला गल्ला उघडा, नव्वदच्या दशकातली स्टीलची नाणी सापडतील. अजून चालतात. त्या वर्षांतली दहाची नोट सापडली तर ती कुणीतरी आठवण म्हणून जपलेली असेल.

दुसरा आक्षेप वजनाचा, आणि तो मी हसण्यावारी नेणार नाही. दहाचं नाणं पावणेआठ ग्रॅमच्या आसपास असतं. हजार रुपयांची शंभर नाणी म्हणजे पाऊण किलोहून थोडं जास्त. भाजीवाली ते ओझं कमरेला लावून कर्जत-कसाऱ्यापर्यंत उभ्याने जाणार का? म्हणूनच वीसचं नाणं महत्त्वाचं आहे. ते साडेआठ ग्रॅमचं आहे. हजार रुपये वीसच्या नाण्यांत सव्वाचारशे ग्रॅम होतात. तेही कमी नाही. पण ओझं नाण्यामुळे होत नाही, ते उतरवायला जागा नसते म्हणून होतं. सकाळी मिळालेली नाणी दुपारी कुणीतरी घेतली तर संध्याकाळी कमरेला काहीच उरत नाही.

खरी गोम इथेच आहे. फोर्टात रिझर्व्ह बँक आणि टांकसाळ समोरासमोर आहेत. नोट रिझर्व्ह बँकेची. नाणं भारत सरकारचं, रिझर्व्ह बँक ते फक्त वाटते. टांकसाळीतून नाणं बाहेर पडतं (वर्षाखाली छोटा हिरा दिसला तर समजा ते मुंबईचं), बँकेमार्फत बाजारात जातं, आणि मग ते परत आणायची जबाबदारी कुणाचीच नसते. नाणी नाकारू नका असं रिझर्व्ह बँकेने बँकांना वारंवार सांगितलंय. तोलून घ्या, शंभर-शंभरच्या पिशव्यांत घ्या, असंही सांगितलंय. मी मावशीची नाणी घेऊन तिच्याबरोबर एका बँकेच्या शाखेत गेलो होतो. "मावशी, आज मोजायला माणूस नाही, पुढच्या आठवड्यात बघू." मावशी म्हणाली, "साहेब, मी रोज मोजते, मी मोजून देते." तरी नाहीच.

बेस्टसारख्या मोठ्या उपक्रमाचीही यातून सुटका झाली नाही. काही वर्षांपूर्वी तिथे इतकी नाणी आणि सुट्ट्या नोटा साठल्या, की कर्मचाऱ्यांच्या पगाराचा काही भाग त्यातच देण्यात आला. विचार करा. एकाच शहरात एकीकडे 'सुट्टे द्या' म्हणून भांडणं, सुट्ट्यांऐवजी हातावर ठेवलेलं चॉकलेट. आणि दुसरीकडे डेपोत नाण्यांची पोती. तुटवडा नाण्यांचा नाही, त्यांना फिरवणाऱ्या व्यवस्थेचा आहे. २०२३मध्ये रिझर्व्ह बँकेने क्यूआर स्कॅन करून नाणी देणारी यंत्रं प्रयोग म्हणून जाहीर केली, १२ शहरांत १९ ठिकाणी. कल्पना चांगली. पण मावशीला नाणी देणारं यंत्र नको, घेणारं हवंय. नाणी ओतायची आणि खात्यात पैसे जमा. तुमच्या आवडत्या यूपीआयला जोडूनच करा. दादर स्टेशनबाहेर एक, परळला रुग्णालयांजवळ एक, लालबाग मार्केटला एक, गिरगावात एक. गणपतीत दानपेट्यांतली नाणी मोजायला शेकडो माणसं बसवणाऱ्या या भागाला, नाणी मोजणं अशक्य आहे हे पटवून देऊ नका.

म्हणून मागणी क्रमाने करावी लागेल. आधी नाणी घेणारी यंत्रं आणि नाणी नाकारणाऱ्या शाखेला दंड. मग वीसच्या नाण्याचा भरपूर पुरवठा. मग दहाची नोट छापणं बंद, आणि शेवटी वीसची. क्रम उलटा केला, आधी नोट काढली आणि नाणं घेणारं कुणी नसलं, तर ओझं पुन्हा मावशीच्याच कमरेला बसेल. मग मीच या मागणीच्या विरोधात लिहीन.

आणि तोवर थोडं काम तुमच्याकडे आहे. तुमच्या टेबलाच्या खणात, बॅगेच्या तळाशी, देव्हाऱ्याजवळच्या वाटीत नाणी पडून आहेत. तुम्ही फोनने पैसे द्यायला लागलात तेव्हापासून ती तिथेच आहेत. ती बाजारातून गेलेली नाणी आहेत. बाहेर काढा. टॅक्सीचे एकतीस देताना वरचा एक द्या. एसी बसचे बारा देताना दहाचं आणि दोनचं नाणं द्या. दुकानदाराने दहाचं नाणं दिलं तर 'नोट द्या ना' म्हणू नका. आणि तो 'चालत नाही' म्हणाला तर वाद घाला. नाण्यांचा कायदा २०११चा आहे. रुपया आणि त्यावरची नाणी हजार रुपयांपर्यंतच्या देण्यासाठी वैध आहेत असं त्यात स्पष्ट लिहिलंय. हजार रुपयांचा चहा कुणी पीत नाही.